मोहाखालची झाडलेली जमीन

शनिवार-रविवार शांत जावा म्हणून मी चिचगडला मित्राच्या घरी गेलो होतो. पहिल्याच सकाळी फिरताना रानात एका मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा दिसला. जंगल काय कुणाच्या बापाचं आहे, म्हणत मी एकूण एक फूल गमछ्यात वेचलं. झाडाखालची जमीन इतकी लख्ख झाडलेली कशी, हा प्रश्न माझ्या दीडशहाण्या डोक्यात आलाच नाही.

गमछा बघून मित्राची आई थबकली. "कोनाच्या झाडाचे आनले बापा?"

तेव्हा कळलं, इथं रानातल्या प्रत्येक मोहाला धनी असतो. जो खालचा पाला जाळून जमीन झाडतो, फुलं त्याची. ते झाड नाल्यापलीकडे एकटीच राहणाऱ्या म्हातारीचं होतं.

"काऊन घाबरतोस? तिले अस्वलानंच खाल्ले वाटन," मित्र हसला. मला मात्र त्याच्या हसण्याचा रागच आला. अस्वल आलं समजून ती उद्या झाडाकडे गेलीच नाही तर? आणि फुलं नेणारा मीच, हे कुणी तिला सांगितलं तर? अंगणात सुकत घातलेल्या फुलांचा गोड वास डोक्यात जात होता.

रविवारी सकाळी ती फुलं पुन्हा गमछ्यात बांधून म्हातारीचं दार गाठलं. ती नुकतीच टोपली भरून परतली होती.

"आजी, काल फुलं मी नेली. अस्वलानं नाही."

तिनं गमछा टोपलीत रिकामा केला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"मले मालूम होतं. अस्वल थोडे तं सोडते."