मामांचं प्रेझेंटेशन

मी सांगलीत घरी बसून कंपन्यांसाठी प्रेझेंटेशन तयार करून देते. या कामातलं माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझे मामा. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्यांचा ओतकामाचा छोटा कारखाना होता, पंपांचे लोखंडी भाग तिथं तयार व्हायचे. मामा बोलायला लागले की समोरचा घड्याळ बघायचं विसरायचा. त्यांच्या स्लाइड मात्र बघवायच्या नाहीत. प्रत्येकीचा रंग वेगळा, अक्षरं गरगरत येऊन बसायची, आणि एकाच पडद्यावर भट्टीचा फोटो, तक्ता, पत्ता आणि वर कोपऱ्यात गणपती.

मी त्यांना सांगायची, एका स्लाइडवर एकच गोष्ट ठेवा, अक्षराचं वळण शेवटपर्यंत एकच राहू द्या, रंग दोनच पुरेत. ते हसायचे. "आगं, स्लाइडनं कशाला बोलाय पायजे? मी हाय की बोलायला."

मग त्यांचा आवाज बसला. धुरामुळं असेल म्हणून सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. तपासण्या झाल्या तेव्हा घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्यावर छोटं छिद्र, त्यावर पांढरं फडकं. दवाखान्यात त्यांना भेटले तेव्हा मीच काहीतरी बडबडत राहिले. ते नुसते बघत होते.

मामा घरी येऊन थोडं सावरले, तोवर पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना मालाचं प्रेझेंटेशन द्यायला बोलावलं. मामी म्हणाल्या, मॅनेजरला पाठवू. मामांनी नकारार्थी मान हलवली आणि मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, 'मी उभा राहणार. तू स्लाइड कर.'

मी साताऱ्याला गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही बसायचो. आता बोलता येत नाही म्हटल्यावर ते सगळं स्लाइडवर लिहायला लावतील, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. मी लिहिलेली ओळ ते वाचायचे, बोटानं अर्धी झाकायचे आणि माझ्याकडं बघायचे. ती अर्धी जायची. कारखान्याचे फोटो वेगवेगळ्या वेळी काढलेले, काही पिवळे, काही काळपट. सगळे एका उजेडात हवेत म्हटल्यावर ते मला सकाळीच भट्टीवर घेऊन गेले आणि प्रत्येक कामगाराला त्याच खिडकीपाशी उभं केलं. माणसं लाजत उभी राहिली. एरवी मामांनी चार चेष्टा करून त्यांना हसवलं असतं. त्या दिवशी ते एकेकाची कॉलर नीट करत होते, आणि मला कॅमेऱ्यातून धड दिसेना.

पुण्यात मी लॅपटॉपपाशी बसले. मामा पडद्याशेजारी उभे राहिले, गळ्याला मफलर. पहिल्या स्लाइडवर एवढंच होतं, 'शस्त्रक्रियेमुळे मला बोलता येत नाही. प्रश्न विचारा, मी लिहून उत्तर देईन.' पुढं माल कसा तयार होतो, कसा तपासला जातो, कोण तपासतं, हे एकेक करून आलं. ते हातातल्या रिमोटचं बटण दाबून समोरच्यांचे चेहरे बघत थांबायचे. लोकांचं वाचून झालं की पुढची.

शेवटी एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "इतरांपेक्षा तुमच्या मालात वेगळं काय आहे?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. यावर ते अर्धा तास बोलले असते. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, ओठ हलले. मग लक्षात आलं. मी उठणार, तोच त्यांनी हातानं मला बसवलं. टेबलावरचा नमुन्याचा भाग त्याला बांधलेल्या दोरीनं उचलून धरला आणि खिशातल्या किल्लीनं त्यावर ठोका दिला. आत कुठं भेग नसली की लोखंड घंटेसारखं वाजतं. तो नाद बराच वेळ घुमत राहिला. मामा डोळे मिटून ऐकत होते.

काम त्यांना मिळालं नाही. कंपनीनं अदबीनं कळवलं, कारखाना लहान पडतो. मामांनी निरोप वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. पुढच्या थंडीत दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही, आणि उन्हाळ्याआधीच ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मामींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्याकडं त्यांचा आवाज कुठं हाय का गं? माझ्या मोबाइलात नुसतं फोटोच हायेत."

मी जुन्या कामांचे सगळे फोल्डर उघडले. स्लाइड, तक्ते, फोटो. शेवटी आजारपणाआधी त्यांनी मला पाठवलेला भट्टीचा एक व्हिडिओ सापडला. त्यात मामा दिसत नाहीत, कॅमेरा त्यांच्याच हातात आहे. यंत्रांच्या घरघरीत ते कुणाला तरी म्हणतात, "जरा बाजूला सरक रं, उजेड येऊ दे."

तो मी मामींना पाठवला. त्यांनी बघितल्याची खूण आली.