बोटवाले काका आणि मोंबाशाच्या गिरण्या

बोटवाल्या काकांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि समुद्राविषयी बोलल्याशिवाय त्यांचा एक दिवस जात नव्हता. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये ते पिठाच्या गिरण्या बनवत आणि पूर्व आफ्रिकेत पाठवत. वर पत्रा तापलेला, आत लेथची घरघर, आणि काका घाम पुसत विचारायचे, "पोरी, आपली बोट आता कुठं पोचली असेल गं?" मी त्यांची टायपिस्ट, देहूरोडहून बसनं येणारी, नुकतीच मॅट्रिक झालेली. मला काय कपाळ ठाऊक! मी ठोकून द्यायची, "एडनच्या आसपास, काका." त्यांचं समाधान व्हायचं. मोंबाशाच्या वाटेवर एडन लागतच नाही, हे मला फार पुढं कळलं.

निर्यात त्यांनी मला दिवाळीच्या फराळावर शिकवली. "लेकीच्या सासरी डबा धाडायचाय. आपण तो एसटीत ठेवून दिला की आपलं काम संपलं, याला म्हणायचं एफओबी. पण भाडं भरून, वाटेत डबा सांडला तर त्याचीही तजवीज करून धाडला, तर सीआयएफ." लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे मिळण्याची बँकेची लेखी हमी, हा त्यांच्या मते लग्न जमवणारा मध्यस्थ. "दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण बँकेला ओळखतात. मात्र कागदात एक अक्षर चुकलं की हाच मध्यस्थ पहिला रुसतो!" त्या रुसव्याच्या धास्तीनं मी एकेक इन्व्हॉइस चारदा टाइप केलं आहे.

त्यांचा लाडका सिद्धांत एकच होता: माल बोटीनं जातो, पण विकला जातो चुलीपाशी. म्हणून किमतीच्याही आधी ते विचारत, तिकडं लोक खातात काय? मोंबाशाच्या व्यापाऱ्यानं कळवलं, पांढरा मका. झालं! मनासारखं पीठ पडेपर्यंत काका मका दळत राहिले आणि ते पीठ कामगारांच्या घरोघरी वाटत राहिले. शेवटी माझी आई वैतागली. म्हणाली, "तुझ्या बोटवाल्याला म्हणावं, आता ज्वारी खाणारा एखादा देश बघ."

त्यांचे भागीदार म्हणजे त्यांचे मेव्हणे, भाऊसाहेब. त्यांना हे परदेशाचं खूळ मुळीच पसंत नव्हतं. पिंपरीच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवावेत आणि सुखानं जेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मोंबाशाला पहिली खेप निघाली तेव्हा त्यांनी सांगूनच टाकलं, "ही बिघडली तर आपल्या शेडमधून परत बोटीचं नाव निघायचं नाही." काका हो म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला.

आणि महिन्या-दीड महिन्यानं तार आली: गिरण्या गंजलेल्या. पुढचा माल थांबवा.

काकांना पटेना. गंज लागू नये म्हणून ग्रीस त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलं होतं. अखेर फोरमन नानांनी पुढच्या खेपेची एक पेटी उघडली. आतल्या गिरणीवरही तसेच तांबूस, चिकट ओघळ. काकांनी रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, तर खाली लोखंड लख्ख!

"नाना, हे काय लावलंय?"

"कुंकू हाय की," नाना म्हणाले. ते भोसरी गावातलेच. "खंडेनवमीला तुमीच म्हनला, यंत्रांची पूजा करा."

"अरे, लेथची!"

"आन् ह्या काय यंत्र न्हाईत व्हय? इतक्या लांब निघाल्यात, तशाच धाडायच्या? पेट्यांची झाकनं काढून समद्यांना लावलं."

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "कुंकवाचं कोण खरं मानणार? समुद्राचं पाणी लागलं असं कळवा. तो व्यापारी विम्याकडं पैसे मागेल. तोही खूश, आपणही मोकळे."

"चूक आपल्या शेडमधली आणि नाव समुद्राचं?" काका म्हणाले. "नाही जमायचं, भाऊसाहेब. पोरी, लिही."

तारेला शब्दागणिक पैसे पडतात, पण काकांनी तारेतच अख्खं पत्र सांगितलं. हा गंज नाही, आमच्या सणाचं कुंकू आहे. रॉकेलनं पुसून पाहा. खाली एक जरी डाग निघाला, तर सगळा माल आमच्या खर्चानं परत धाडा. लिहिताना मला वाटत होतं, तिकडं आपल्याला वेड्यांत काढणार.

उत्तर येईपर्यंत काकांनी एकदाही बोटीचं नाव काढलं नाही. शेड कशी सुनी सुनी वाटायची. मग एका सकाळी तार आली: पुसलं. उत्तम आहेत. उरलेला माल लवकर पाठवा.

काकांनी ती भाऊसाहेबांच्या हातात दिली आणि नानांना म्हणाले, "यापुढं कुंकू पेटीला. बाहेरून."

"आन् नारळ?"

"तो आपण खायचा!" मग तोंड धुवायला म्हणून मोरीकडं गेले ते बराच वेळ आले नाहीत. आम्ही कुणी हाक मारली नाही.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पिंपरीत माझं स्वतःचं निर्यातीची कागदपत्रं करून देण्याचं ऑफिस आहे. अधूनमधून कुणी येतो, खुर्ची पुढं ओढतो आणि हळूच म्हणतो, "ताई, माल बोटीवर उशिरा चढला हो. बोटीच्या पावतीवर तेवढी तारीख मागची घालून आणा ना, सगळेच करतात." मी चहा पाजते आणि नाही म्हणते. तो शेजारच्या ऑफिसात जातो. अशी गेलेली गिऱ्हाइकं मला आज आठवतसुद्धा नाहीत. काका मात्र रोज आठवतात.