तेलाला न वळलेलं पाऊल

चांदूर बाजार गावात ज्यांचं नाक सरळ आणि डोकं गोल आहे, त्यांनी आईबापांचे उपकार मानू नयेत, जयवंताबाईंचे मानावेत. असं जयवंताबाईंचंच म्हणणं. तीस वर्षं त्या घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालतात. पाटावर बसून लांब केलेल्या पायांवर लेकरू पालथं घेतलं, की त्यांना जगाची फिकीर नसते.

दिवाळीनंतर शेजारच्या इंदूबाईंना नात झाली. इंदूबाईंची फुलशेती, मुलगा भगवंत बाजारात झेंडू विकतो. सातव्या दिवशी सून वर्षाली बाळाला घेऊन घरी आली. जयवंताबाईंनी दुपटं सोडलं आणि त्यांचा हात थांबला. दोन्ही पावलं आत वळलेली, तळव्याकडे तळवा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी भगवंताची होती, तशीच.

"घाबरू नको वं," इंदूबाई सुनेला म्हणाल्या, "भगवंताचेही असेच होते. जयवंताबाईनं सहा महिने चोळले, म्हणून तर तो चालून राहिला. दवाखान्यातून इले अमरावतीले न्याची चिठ्ठी देल्ली, ते ठेवली देवाजवळ."

भगवंत चालतो हे खरं. पण पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतो आणि संध्याकाळी पाय धरून बसतो. तरी इंदूबाई सगळ्या गावाला जयवंताबाईंच्या हाताचा गुण सांगत, आणि जयवंताबाई ऐकून घेत. फुकटचं कौतुक कुणाला कडू लागतं? पण तीन वर्षांपूर्वी एका नर्सबाईच्या घरी त्यांनी असंच बाळ पाहिलं होतं. त्याला पहिल्याच आठवड्यात प्लास्टर लागलं, आणि पुढं ते पोर अंगणात धावताना दिसलं. त्या दिवशी जयवंताबाईंना घास गोड लागला नव्हता.

आता गप्प राहावं, तर मान राहतो आणि कामही राहतं. प्लास्टरवर आंघोळ घालता येत नाही. पण पोरीचे पाय जन्मभराचे होते. जयवंताबाईंनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"इंदूबाई, माह्या चोळण्यानं काईच झालं नवतं. चोळून सरळ होतीन असं सांगून मीच तवा तुले दवाखान्यात जाऊ देल्लं नाई. इले उद्याच अमरावतीले न्या."

इंदूबाईंनी विचारलं, "मंग भगवंताचेही झाले असते सरळ?"

"झाले असते."

भगवंत दारातच उभा होता. देवाजवळची चिठ्ठी काढून त्यानं खिशात घातली.

दर आठवड्याला नवं प्लास्टर, अशी सहा प्लास्टरं झाली, टाचेमागं बारीकसा छेद झाला, मग मधल्या पट्टीनं एकमेकांना जोडलेले बूट आले. हे सगळं जयवंताबाईंना बाजारात कळायचं, कारण इंदूबाईंनी बोलणंच टाकलं होतं. जयवंताबाईंना वाईट वाटे, पण पश्चात्ताप एकदाही झाला नाही.

फाल्गुनात एका सकाळी वर्षाली बोलवायला आली. "मावशी, बूट तेवीस घंटे घालून ठेवा लागते. एक घंटा मोकळा रायते. आंघोळ घालून द्या."

"सासूले विचारलं काय?"

"त्याइनंच तर पाणी तापवलं."

इंदूबाई पाणी घालत होत्या. जयवंताबाईंनी तेलाच्या हातानं पाऊल धरलं. सरळ! इवलीशी टाच जिथं असायला हवी तिथंच होती. आनंदानं त्या रडल्या, आणि पोरगीही प्रथेप्रमाणे किंचाळली.

"मांगून डोकं थोडं चपटं हाये," इंदूबाई हळूच म्हणाल्या, "तेवढं पाह्यजो."

एवढ्यात भगवंत बाजारातून आला. लेकीची पावलं उलटसुलट करून त्यानं पोटभर पाहिली. मग ओसरीवर बसून स्वतःचा पाय पुढं केला.

"मावशी, तेल उरलं असन तर माह्याही पायाले लाव. सरळ नको करू. फक्त दुखते."

जयवंताबाईंनी तो पाय मांडीवर घेतला.