आधी खोट सांगतो

भर मे महिन्यात माझ्या बायकोनं दारातल्या दोरीवर चार स्वेटर वाळत घातले. आमच्या आष्ट्यात मे महिन्यात रस्त्याचं डांबर चप्पल ठेवून घेतं आणि माणसाला अनवाणी घरी पाठवतं. त्यात स्वेटर. गल्लीतली प्रत्येक बाई जाता-येता थांबायची आणि विचारायची. मग बायको पदरानं घाम पुसत सांगायची, "आवं, पाचगणीला जायचंय न्हवं आता. ह्यांना मोठ्या शाळेत नोकरी लागलीय."

नोकरी लागलेली नव्हती. मुलाखत तेवढी झाली होती. पण मी मुलाखतीहून परत आलो तेव्हा एस्टीतून उतरता उतरताच असं काही वर्णन केलं होतं की, मी नोकरी मागायला गेलो होतो की शाळा विकत घ्यायला, हे बायकोला कळलंच नाही.

पाचगणीच्या त्या निवासी शाळेला बसगाड्या सांभाळणारा माणूस हवा होता. ड्रायव्हर नव्हे, ड्रायव्हरांच्या वरचा. गाड्यांची देखभाल, फेऱ्या, पोरं घाटातून सुखरूप वर आणणं आणि खाली नेणं, सगळं त्याच्या गळ्यात. मुलाखतीत मी असा बोललो की बाहेर बसलेल्यांतले निम्मे उमेदवार आशा सोडून घरी गेले आणि उरलेले ऐकायला दाराशी आले. शाळेच्या कार्यालयातल्या मोठ्या मॅडम मात्र पेन हातात धरून नुसत्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या की, छान बोलता. आता तुमच्या आधीच्या मालकांशी मला बोलायचंय. मी म्हटलं, पत्र आणून देतो. त्या म्हणाल्या, पत्र नको, पत्रात सगळेच देव असतात, नंबर द्या.

मी ऐटीत चाचांचा नंबर दिला.

चाचा म्हणजे आष्ट्याबाहेर सांगली रस्त्याला जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करणारा माणूस. मिसरूड फुटल्यापासून मी त्यांच्याकडे होतो. त्यांचं आवार एवढं मोठं की एका टोकाला सकाळचा चहा पिऊन दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत संध्याकाळच्या चहाची वेळ व्हायची. वाळवा, तासगाव, जत, कुठल्याही शिवारात जा, पाच ट्रॅक्टर दिसले तर त्यातला एक आमच्या आवारातून गेलेला. चाचांनी विकायला काढलं आणि विकलं गेलं नाही असं एक चाकसुद्धा मला आठवत नाही. ज्या माणसानं गिअर नसलेला ट्रॅक्टर हसत हसत खपवला, त्याला मी खपवणं काय अवघड? असा माझा हिशेब.

त्यांच्याकडून मी स्वतःच बाहेर पडलो होतो. स्पेअरपार्टचं दुकान काढलं. ते दुकान इतकं चाललं, इतकं चाललं की चालत चालत माझ्या हातातून निघून गेलं. त्यानंतर मी घरी बसलेला. घरी बसलेल्या जावयाचं काय करायचं याचा विचार सातारच्या बाजूला माझे सासरे करत होते. सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उसाची जमीन बऱ्यापैकी, आणि शिट्टी अजून गळ्यात. भल्या पहाटे ती शिट्टी वाजली की घरातली माणसं, गडी, म्हशी, एवढंच काय कोंबडासुद्धा रांगेत उभा राहतो. त्यांनी बायकोला निरोप दिला होता की, जूनपर्यंत जावईबापूंचं कुठं जमलं तर ठीक, नाही तर बिऱ्हाड इकडं आणा, उसात पाला काढायला माणूस कमी पडतंय. म्हणजे एका बाजूला पाचगणी आणि दुसऱ्या बाजूला सासऱ्याची शिट्टी. मध्ये चाचांचा फोन.

मॅडमांनी फोनसाठी जो दिवस कळवला, त्या दिवशी मी सकाळीच आवारात जाऊन बसलो. चाचा चिंचेखाली खाटेवर होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मेहनती म्हणा, प्रामाणिक म्हणा, वेळेवर येणारा म्हणा. चाचांनी मान डोलावली. मी एकेक शब्द त्यांच्याकडून म्हणून घेतला. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. मग म्हणाले, "तू गप बस रं. आयुष्यभर इकतोयच की मी."

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी रोज बघितली होती, आणि नेमकी तीच माझ्या ध्यानात आली नाही. चाचा विकायचे कसे, ही. गिऱ्हाईक आलं की ट्रॅक्टरचं कौतुक ते एका शब्दानं करायचे नाहीत. बॉनेटवर हात ठेवून आधी खोट सांगायचे. याचं हायड्रॉलिक मंद आहे. याचा सेल्फ थंडीत रुसतो. हा चढाला तेल पितो. तो गिअर नसलेला गेला तोसुद्धा असाच, गिऱ्हाइकाला आधी सांगून. सगळं सांगून झालं की हात झटकायचे, आता घ्यायचा तर घ्या. त्यांचे वडील बैलांच्या बाजारात असंच करायचे म्हणे. ज्यानं खोट सांगितली नाही त्यानं ती लपवली, असं गिऱ्हाइकानं धरूनच चालायचं. त्यामुळं चाचांच्या लेखी नुसती स्तुती म्हणजे शुद्ध फसवणूक.

फोन वाजला. इंजिनांच्या आवाजात उभा जन्म गेल्यामुळं चाचांना कानाशी धरून ऐकू येत नाही. ते फोन ताटासारखा समोर धरतात आणि स्पीकर लावतात, त्यामुळं त्यांचं खाजगी बोलणं निम्म्या आष्ट्याला माहीत असतं. मॅडमांनी आपण कोण ते सांगितलं, आणि विचारलं की हे गृहस्थ तुमच्याकडे होते ना, कामाला कसे होते?

चाचांनी घसा खाकरला. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. बॉनेटवर ठेवायचे तसाच.

"बाई, आधी खोट सांगतो," ते म्हणाले.

मी हातानं नको नको केलं. चाचांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

पहिली खोट अशी की, हा बोलतो लय. ह्यानं सांगितलेलं निम्मं करायचं, उरलेलं पुन्हा निम्मं करायचं, मग कुठं खरं हाताला लागतं. पलीकडून मॅडम म्हणाल्या की, ते मुलाखतीत लक्षात आलं. मी खाटेच्या कडेला टेकलो.

दुसरी खोट, ह्याला रस्त्यात बंद पडलेली गाडी दिसता कामा नये. जतला एका गिऱ्हाइकाकडं ट्रॅक्टर पोचवायला पाठवला होता. वाटेत पाण्याचा टँकर बंद पडलेला दिसला, तर हा उतरून त्याच्याखाली शिरला. तिकडं गिऱ्हाईक पूजेचं ताट घेऊन दारात उभं. हा पोचला दुसऱ्या दिवशी. तोवर ताटातला नारळ गिऱ्हाइकानं फोडून खाल्लेला. हे मात्र चाचांनी फार सौम्य सांगितलं. त्या टँकरच्या मागं अख्खं गाव घागरी घेऊन उभं होतं, आणि टँकर चालू झाल्यावर त्यांनी मला कानडीत असे काही आशीर्वाद दिले की ते अजून पुरतायत. पण ते सांगायची ही वेळ नव्हती, आणि चाचांनी एक बोट वर करून मला गप्पही बसवलं होतं.

"आन् तिसरी," चाचांचा आवाज चढला, "मालकाला जुमानत न्हाई. गिऱ्हाईक दारात, सौदा झालेला. हा म्हणतो, ब्रेक नीट केल्याबिगर ट्रॅक्टर आवाराबाहेर जायचा न्हाई. मी म्हटलं, मी ब्रेकची खोट सांगितलीय, त्यानं मान्य केलीय, तुझं काय जातंय? तर चावी खिशात घालून घरी गेला, बाई. माझ्या समोरनं."

मग मॅडमांनी विचारलं, "मग चावी कधी दिली?"

"ब्रेक झाल्यावर. दोन दिवसांनी. त्यो गिऱ्हाईक गेला तो गेलाच. अजून रस्त्यात दिसला तर तोंड फिरवतोय."

ही गोष्ट त्यांच्या इतकी जिव्हारी लागली असेल अशी मला कल्पना नव्हती. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

मॅडमांनी शेवटचा प्रश्न विचारला. हा माणूस उद्या परत आला तर तुम्ही ठेवून घ्याल का?

"न्हाई," चाचा म्हणाले.

"का?"

"पुन्हा चावी घेऊन जाईल की."

मॅडम बरं म्हणाल्या, धन्यवाद म्हणाल्या, फोन बंद झाला. चिंचेखाली इतकी शांतता पसरली की मला सातारच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली.

मग मी जे सुरू केलं ते एखाद्या सभेत केलं असतं तर आमदार झालो असतो. चाचा, एवढी वर्षं तुमच्याकडं राबलो त्याचं हे फळ काय? मेहनती एवढा एक शब्द तरी तोंडातून निघाला का? शत्रूनंसुद्धा ह्यापेक्षा बरं सांगितलं असतं. चाचा माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी परक्या मुलखातली भाषा बोलतोय.

"अरे, इकलं की तुला," ते म्हणाले. "आता रागावलास का?"

"तुम्ही परत ठेवून घेणार न्हाई म्हणालात."

"व्हय. मग काय खोटं बोलू?"

मी आत्ता उठतो आणि सासऱ्याला फोन करून विळ्याला धार लावून ठेवायला सांगतो, असं म्हणून मी खरंच उठलो. फाटकापर्यंत पोचलोही. तेवढ्यात मागून चाचांची हाक आली. त्यांच्या हाकेचं असं आहे की ती आवारात मारली तर बाजारपेठेतली माणसंही मागं वळून बघतात. फोन पुन्हा वाजला होता. नंबर पाचगणीचा.

मी चाचांकडून कधीच बाहेर पडलोय, हे मॅडम घाईत विसरल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, आमच्याकडे घाटात गाडी चालते, मुलं असतात. ड्रायव्हर, पालक, कधी कधी मीसुद्धा, गाडी सोडायची घाई करतो. आम्हाला न जुमानणारा एक माणूस हवा होता. तुम्ही त्यांना कधी सोडू शकाल?

मी नाचायच्या बेतात होतो. चाचा मात्र एकदम सावध झाले. सौदा ठरत आला की त्यांचे डोळे बारीक होतात, तसे झाले. मला त्यांच्याकडची नोकरी सोडून वर्ष होऊन गेलं होतं, तरी म्हणाले, एवढ्या तातडीनं कसं सोडणार? बघावं लागेल. मी खुणेनं सोमवार सांगितला. त्यांनी माझा हात खाली दाबला.

"राहायचं कसं?" त्यांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, आवारातच खोली मिळेल, कुटुंबासकट.

"उन्हाच्या बाजूची द्या. आमचा माणूस सपाटीवरचा हाय, त्याला गारठा बाधतो."

मॅडम म्हणाल्या, बघू.

"बघू न्हाई, बाई. व्हय म्हणा. व्हय म्हणालात तर सोमवारी लावून देतो."

ट्रॅक्टरच्या सौद्यात मी त्यांना कधी गिऱ्हाइकाकडं काही मागताना बघितलं नव्हतं. फोन समोर धरलेला त्यांचा हात आखडून गेला होता, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. मी म्हणणार होतो की चाचा, खोलीचं राहू द्या, मोडाल सौदा. पण माझा हात त्यांनी अजून दाबूनच धरला होता.

मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या.

तीच खोली मला मिळाली. जून लागला तसं पाचगणीत धुकं उतरलं ते असं की शेजारच्या घराऐवजी मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन बायकोलाच नमस्कार केला. उन्हाच्या बाजूला ऊन दिसलं ते थेट दसऱ्याला. तोवर चाचांचा फोन दर आठवड्याला यायचा, स्पीकरवर, आणि ते खोलीत ऊन येतं का म्हणून विचारायचे. मी म्हणायचो, लय येतं.