परत पाठवलेला केक

टाय लावलेला अनोळखी माणूस दिसला की नॉर्थ डकोटातल्या त्या गावाची दातखीळ बसते. असा माणूस काहीतरी काढून न्यायलाच येतो, हा तिथला अनुभव.

मार्लिस स्कोगनच्या कॉफीच्या दुकानात तसाच एकजण आला. एफबीआयचं ओळखपत्र दाखवून तो ऑरिन ट्वेटबद्दल विचारू लागला. ऑरिन गावचाच, बीट पिकवणाऱ्याचा मुलगा. आधी सरकारी वकील झाला, मग जिल्ह्याचा न्यायाधीश.

"त्यांना केंद्राच्या अपील कोर्टावर नेमायचं चाललंय," तो म्हणाला. "आम्ही शेजारीपाजारी चौकशी करतो."

"असं होय," मार्लिस म्हणाली. तिचा काडीचा विश्वास बसला नाही. आमच्या गावाला तिकडे कोण विचारतंय? ऑरिनचं काहीतरी लफडं असणार, आणि हा गोड बोलून काढून घेतोय.

"माणूस कसा आहे?"

"कॉफी बिनसाखरेची घेतो."

"आणखी?"

"गरम लागते."

तिच्या मनात ऑरिनबद्दल अढी होतीच. तिचा भाऊ ड्वेन दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, तेव्हा खटला ऑरिनपुढे होता. कुणावर वेळ आली की केक घेऊन दारी जायचं, ही तिथली रीत. आपल्यावर वेळ आलेली असताना मार्लिस निकालाच्या आदल्या संध्याकाळी ऑरिनकडेच गेली, सफरचंदाचा केक घेऊन. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही, दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ड्वेन तुरुंगात गेला. तेव्हापासून ती ऑरिनची कॉफी ओतायची आणि तोंड फिरवायची.

पाहुण्याने वही मिटली. "जन्म इथे गेला, आणि गावात एकालाही हा माणूस माहीत नाही. लोक त्याला घाबरतात, नाहीतर काही लपवतात. मला तसंच कळवावं लागेल."

आता नुसतं गप्प राहिलं की ऑरिनचा पत्ता कट. मार्लिसला ते क्षणभर गोडही वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"बसा खाली," ती म्हणाली, आणि केकची सगळी हकिगत तिने सांगून टाकली. "मला तो आवडत नाही. पण त्याला विकत घेता येत नाही. मी करून बघितलंय."

नेमणूक झाली. नव्या कोर्टाच्या कामासाठी फार्गो शहरात राहायला जायच्या दिवशी ऑरिन कॉफीला आला, तेव्हा मार्लिसने त्याच्या पुढ्यात केक ठेवला. त्याने आधी केककडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ड्वेनची पुन्हा काही भानगड नाही ना?"

"नाही. खा गपगुमान."

त्याने एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"त्या संध्याकाळी दालचिनीचा वास दारातच आला होता, मार्लिस," तो म्हणाला. "दार लावलं आणि तसाच उपाशी झोपलो."