मेघना परबचे नऊ रंग

मेघना परब वीसेक किलो कशी उतरली, हे काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीत ज्याला त्याला जाणून घ्यायचं होतं. कुणी म्हणे लिंबू-मध, कुणी म्हणे दादरच्या कुठल्याशा डाएटवाल्या बाईचं महागडं पॅकेज. मेघना सगळ्यांना हसून हो म्हणायची. खरं कारण निराळंच होतं. ती रागाने उतरली होती. राग हा फुकटचा पदार्थ, पण नेमाने रोज घेतला तर गुण येतो, आणि मेघनाने तीन वर्षं एक दिवस चुकवला नव्हता.

लवू नाईकांची ही धाकटी लेक पाळण्यातूनच अंगाने भरलेली. शाळेत पहिल्या बाकावर बसवलं की मागच्यांना फळा दिसत नाही, म्हणून कायम शेवटच्या बाकावर. लग्नात हाराची लांबी वाढवून आणावी लागली, त्याची गोष्ट सासरी अजून चवीने सांगतात. तिला हे सगळं लागत नव्हतं असं नाही, पण घरी गेलं की गरम भात, वर सुरमईची कढी, आणि समोर आई. दोन घास पोटात गेले की जग बरं वाटायचं. नवरा अभय गरीब स्वभावाचा, त्यालाही खाणारी माणसं आवडत. त्यामुळे चाळीस वर्षं निघून गेली, फारसं काही न बिघडता.

बिघडलं ते ऑफिसात. लालबागच्या एका पतसंस्थेत ती काऊंटरला होती आणि शेजारच्या काऊंटरला प्रिती सामंत. प्रिती म्हणजे दोरीसारखी बाई. कपडे तिच्या अंगावर बघावेत. जिभेला मात्र धार अशी की समोरच्याला आपण कापले गेलो हे घरी गेल्यावर कळावं. नवरात्र आलं की प्रितीचं राज्य. रोजचा एक रंग ठरलेला, त्या रंगात ऑफिसातल्या सगळ्या बायका, त्यांचा फोटो, आणि तो फोटो पेपरला पाठवायचा. छापून आला तर वर्षभर काऊंटरच्या काचेखाली. आता फोटो म्हटला की कुणीतरी काढायला हवाच. तो मान दरवर्षी मेघनाचा. "मेघना, तुझा हात स्थिर आहे गं," असं प्रिती म्हणायची, आणि मेघना पिवळी साडी नेसून पिवळ्या बायकांचा फोटो काढायची, हिरवी नेसून हिरव्यांचा.

तीन वर्षांपूर्वी पिवळ्याच्या दिवशी प्रितीला काय सुचलं कोण जाणे. तिने मोबाईल गौतम शिपायाकडे दिला आणि हाक मारली, "ये गं मेघना, यंदा तू पण ये." मेघना कडेला उभी राहिली. घरी येऊन आईला सांगून बसली, उद्या पेपर बघ. आई त्याच चाळीत तळमजल्यावर राहायची. ती सकाळी नाक्यावर गेली, एक सोडून चांगले पाच पेपर घेऊन आली, आणि आपण बघायच्या आधी चार घरांत वाटून मोकळी झाली. मग चष्मा लावून बसली. फोटोत पाच पिवळ्या बायका होत्या. उजव्या कडेला, फोटो संपतो तिथे, एक पिवळी बाही आणि कोपर. आईने बराच वेळ बघितलं. मग कोपरावर बोट ठेवून विचारलं, "हो हात तुझोच मां गो?"

ऑफिसात मेघनाने विचारलंच. प्रिती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अगं, पेपरवाल्यांना उभा फोटो लागतो. तू आलीस की आडवा होतो. म्हणून जरा कापला." सगळ्या हसल्या. मेघनासुद्धा हसली. आपण हसलो, हे तिला पुढे सगळ्यात जास्त सलत राहिलं. त्याच थंडीत आई गेली. तिच्या डब्यात मंगळसूत्राच्या जुन्या वाट्यांबरोबर घडी घातलेला तो कोपराचा फोटो निघाला, आणि त्या दिवशी मेघनाने मनाशी बांधून टाकलं. पेपरात फोटो यायला हवा, मधोमध आपण असायला हवं, आणि प्रितीने तो डोळे फाडून बघायला हवा. तिला माफी नको होती. माफीने काय होतं?

मग तिने रात्रीचा भात सोडला. मालवणी माणसाने भात सोडणं म्हणजे काय, हे दुसऱ्यांना सांगून कळायचं नाही. घरात बांगड्याचं तिखलं शिजायचं आणि ही काकडी चावत बसायची. पहाटे मैदानाला फेऱ्या. पाय दुखले, थांबावंसं वाटलं, की प्रितीचं वाक्य म्हणायची. उभा फोटो लागतो. उभा फोटो लागतो. बायका रामनाम घेत चालायच्या, ही हे घेत चालायची.

कपडे गळू लागले तसे तिने ते अल्टर करून घेतले नाहीत. बोहारणीला हाक मारली. मेघनाच्या दारात ड्रेस, गाऊन, ब्लाउज यांचा ढीग पडला. बोहारीण एकेक उचलून उजेडात धरत होती. मग थांबली, आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, घरातलं मोठं माणूस गेलं काय? एकाच मापाचं समदं."

"हो, गेली," मेघना म्हणाली.

"अरेरे. सासू?"

"नाही. होती एक. सगळ्यांचे फोटो काढायची." बोहारणीला यातलं काही कळलं नाही, पण गेलेल्या माणसाच्या कपड्यांवर जास्त घासाघीस करू नये म्हणून तिने झाकणासकट मोठं पातेलं काढून दिलं.

नऊ रंगांचे नवे कपडे करायला मेघनाने बोनसची वाट पाहिली नाही. हिंदमाताचा कापडबाजार पालथा घातला. लाल, पिवळा, हिरवा मिळतो कुठेही. राखाडी मिळणं कठीण, कारण त्या दिवसांत सबंध मुंबई राखाडीच्या मागे असते. त्यासाठी ती दादरला तीन दुकानं फिरली आणि सेल्समनशी भांडून आली. शिवायला कोंडीराम शिंपी. जिन्याखालच्या त्या मशीनवर कोंडीरामने तिची सगळी मापं वाढताना पाहिली होती, म्हणून तो शिवणीच्या आत नेहमी बोटभर कापड जास्तीचं सोडायचा.

"या वेळी आत काही सोडू नका," मेघना म्हणाली.

"असू दे गं, वैनी. पुढंमागं सैल करायला लागलं तर?"

"लागणार नाही. माझ्यासमोर कापा." कोंडीरामने कापलं. कात्री चालताना तिला जे सुख झालं ते काही चांगल्या बाईला शोभणारं नव्हतं, पण झालं.

इकडे प्रितीचे ग्रह फिरले होते. उन्हाळ्यात तिला कसलासा आजार निघाला. जिवावरचा नव्हता, पण गोळ्या अशा की अंग सुजत गेलं. पाच महिने रजेवर होती. गणपती झाले आणि ती कामावर आली, तेव्हा काऊंटरवरच्या गिऱ्हाइकाने तिलाच विचारलं, "प्रितीमॅडम आज नाहीत का?" मेघनाने ते ऐकलं. वाईट वाटायला हवं होतं. तिने मनात चाचपून पाहिलं, तसं काही सापडलं नाही. देव आहे, एवढंच तिला वाटलं.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात प्रिती डबा खायच्या वेळेला तिच्याजवळ सरकली. बाकीच्या हात धुवायला गेल्या होत्या.

"मेघना, एक विचारू? तुझे जुने ड्रेस आहेत का गं? घरात एक कपडा बसत नाही. आणि हे काय कायमचं नाही, डॉक्टर म्हणालेत उतरेल, मग नवीन कशाला शिवायचे?"

असा क्षण माणसाला जन्मात एकदा मिळतो, तो तिला भेंडीच्या भाजीबरोबर मिळाला होता.

"अगं, आधी तरी बोलायचंस," ती गोड आवाजात म्हणाली. "सगळे बोहारणीला दिले. पातेलं घेतलं. छान आहे, दूध तापवते त्यात."

प्रितीने डब्याचं झाकण लावलं. "बरं केलंस," म्हणाली आणि उठली.

नवरात्र बसलं. पहिल्या दिवसापासून मेघना मधोमध. गौतम फोटो काढायचा, तेजस्वी नावाची नवी पोरगी पेपरला पाठवायची. मेघनाचं कौतुक होत होतं, गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघत होती. पण प्रिती त्या दिवसांत नेमकी तपासण्यांसाठी रजा टाकून बसलेली. आणि फोटो काही छापून येत नव्हता. सूड असा अर्धवट राहायला लागला की माणूस देवीवरही रागावतं. मेघनाही आरतीला उभी राहून देवीकडे जरा रोखूनच बघायची.

मोरपंखीच्या दिवशी प्रिती आली. अंगात नवऱ्याचा कुर्ता होता. मोरपंखी, लग्नाकार्यातला, गळ्याशी जर. बाह्या दुमडलेल्या. बाकीच्या "छान दिसतंय हां" म्हणाल्या, अशा आवाजात की न म्हटलेलं बरं. फोटोची वेळ झाली तशी प्रितीने पुढे होऊन गौतमच्या हातातून मोबाईल घेतला. "द्या, मी काढते. गौतमभाऊ सगळ्यांच्या मुंड्या उडवतात."

मेघनाला कळलं. ही आता मोबाईलच्या मागे लपणार. आपण वर्षानुवर्षं जिथे उभे राहिलो ती जागा हिला आयती मिळणार, आणि वरून फोटो काढून दिला म्हणून उपकारही होणार. मेघनाच्या टाळूपर्यंत राग गेला.

"छे छे, असं कसं?" तिने प्रितीच्या हातातून मोबाईल काढून घेतला. "इतक्या महिन्यांनी आलीस. तुझ्याशिवाय कसला फोटो? मध्ये उभी राहा."

"अगं नको."

"मध्ये म्हटलं ना."

प्रिती कडेला सरकली, मेघनाने तिला खांद्याला धरून परत मध्ये आणलं. प्रितीने पोटाशी फाईल धरली, मेघनाने ती "याचं काय काम?" म्हणत काढून घेतली. तेजस्वीला वाटलं, केवढं हे मन! प्रितीला काय वाटलं ते तिच्या तोंडावर होतं. दोघींची नजरानजर झाली तेव्हा त्यात काही लपून राहिलं नाही.

"आडवा धर गं मोबाईल," कुणीतरी म्हणालं.

"आडवाच धरते," मेघना म्हणाली. "सगळी मावायला पाहिजे."

तिने चार-पाच काढले. हात स्थिर होता. तेवढ्यात शटर उघडायची वेळ झाली, गिऱ्हाइकं आत आली, बायका आपापल्या खुर्चीकडे पळाल्या. मेघनाने त्यातला एक निवडला, जिथे प्रितीचा कुर्ता पोटावर ताणलेला स्वच्छ दिसत होता, आणि न कापता, होता तसा, स्वतःच पेपरला पाठवून दिला. दिवसभर तिला इतकं हलकं वाटत होतं की संध्याकाळी तिने अभयला सांगितलं, आज मी भात खाणार. दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुलगी श्रेया पेपर नाचवत वर आली. "आई, आला! या वेळी मोठा आलाय!"

आला होता खरा. पानाच्या अगदी वर, आडवा, रंगीत. मधोमध प्रिती, नवऱ्याच्या कुर्त्यात, सुजलेल्या गालांची, बघणाऱ्याकडे थेट बघणारी. मेघना फोटोकडे बघत राहिली. हेच तर हवं होतं. गॅलरीतून शेजारच्या गुणवंतीकाकू आत डोकावल्या, पेपर हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"सगळी दिसतत. आणि तू खंय आसस गो ह्यात?"

मेघनाने पेपर परत ओढून घेतला. डावीकडून उजवीकडे एकेक तोंड बघितलं. मग उजवीकडून डावीकडे. खुर्चीच्या पाठीवर आजचा गुलाबी ड्रेस इस्त्री करून टाकलेला होता. श्रेयाने आईच्या तोंडाकडे बघितलं.

"मी काढलाय तो," मेघना म्हणाली.

"होय तां?" काकू म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेल्या.

फोन वाजला. स्क्रीनवर प्रितीचं नाव होतं. मेघनाने उचलला. पलीकडे प्रितीच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली.

"बघितलास?" प्रिती म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती, किंवा असली तरी थकलेली होती. "तू नाहीस त्यात."

"हो."

"मेघना, या वेळी मी नाही हां कापलं तुला."