टेस्टेड जर आणि निशाणवाल्याचे पागोटे

प्रश्न असा होता: निशाणवाल्याच्या पागोट्याला लावण्याजोगी खरी जर आज नागपुरात मिळते का, आणि मिळाली तर ती खरी आहे हे घरच्या घरी कसे ठरवावे? आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग मला सोपा वाटला होता. घोटाळा नेमका तिथेच झाला, आणि तोही एका शब्दामुळे.

प्रश्न मूळ माझ्या थोरल्या भावाचा. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून तो एका मंडळात जातो. भोसल्यांच्या काळातील शिपायांचा वेष करून ही मंडळी हिवाळ्यात मैदानावर जुन्या पद्धतीची कवायत करून दाखवतात. भाऊ इतकी वर्षे मागच्या रांगेत भाला धरून उभा राहत आला. यंदा निशाण धरणारे गृहस्थ मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि ती जागा भावाला देऊ केली गेली. आपल्या गुडघ्यांची अवस्था पाहता ही संधी पुन्हा यायची नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

अट मात्र होती. निशाणवाला सर्वांच्या पुढे, प्रेक्षकांच्या अगदी जवळून चालतो. म्हणून हातभर अंतरावरून खोटी दिसेल अशी कोणतीही वस्तू त्याच्या अंगावर चालत नाही. मंडळाचे प्रमुख सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. त्यांनी भावाचे पागोटे हातात घेतले आणि किनारीवर बोट ठेवले.

“काका, हे प्लास्टिक आहे. काढून टाका. खरी जर लावा, नाहीतर तुमचा भाला आहेच.”

भाऊ तिथून थेट मनीषनगरला माझ्याकडे आला. पिशवीतून पागोटे काढून त्याने टेबलावर ठेवले.

“चमकून तर राहिलं ना वं? मग काहून नको म्हणते हा माणूस?”

“चमकतं म्हणूनच नको,” मी म्हणाले. “कधीच्या काळचं पागोटं, अन् किनार बिस्किटाच्या पुड्यासारखी.”

“मग तूच आण. शिकलेली हायेस.”

आणण्यापूर्वी काय आणायचे ते नीट समजून घेणे आवश्यक होते. जरीच्या धाग्याचे दोन भाग असतात: आत रेशमाचा किंवा सुताचा गाभा, आणि त्यावर गुंडाळलेली धातूची अतिशय बारीक पट्टी. जुन्या चांगल्या जरीत ही पट्टी चांदीची असे आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असे. आज धातूच्या जागी बहुधा रंगवलेले प्लास्टिक असते. मला हवी होती ती दोन बोटे रुंदीची किनार, आणि उजव्या कानाशी लोंबणाऱ्या गोंड्यासाठी थोडी सुटी जर.

इतवारीतल्या एका दुकानात मी माझी गरज सविस्तर सांगितली. दुकानदाराने मागच्या फळीवरून एक रीळ काढले.

“हे घ्या मॅडम. टेस्टेड आहे.”

“नक्की टेस्टेड?”

“एकदम टेस्टेड. बिनधास्त घेऊन जा.”

मी समाधानाने घेऊन आले. ज्या मालाची चाचणी कोणीतरी आधीच केली आहे तो माल विश्वासार्ह, असा माझा सरळ तर्क होता. किनार पागोट्याला टाचूनही झाली. उरलेला तुकडा पाहून मात्र जुनी सवय जागी झाली आणि मी त्यातला एक धागा सुईच्या टोकाने खरवडला. सोनेरी रंगाखाली पांढरी चांदी दिसायला हवी होती. दिसला तो तांबूस रंग. दुसरा धागा चिमट्यात धरून पेटवला, तेव्हा कागद जळाल्यासारखा वास आला. म्हणजे गाभाही रेशमाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा इतवारीत गेले. दुकानदार गोंधळला नाही, की रागावलाही नाही.

“मॅडम, रियल म्हणजे चांदी. टेस्टेड म्हणजे तांबा. अन् तिसरं प्लास्टिक. आमच्या लाइनीत असंच बोलतात.”

“मग टेस्ट कोण करतं?”

“कोणीच नाही. नाव आहे ते.”

“अन् रियल?”

“सुरतहून मागवावी लागते. मागवू का? पण कधी येईल ते विचारू नका.”

कवायत दोन आठवड्यांवर आली होती. मी भावाच्या घरी जाऊन दोघांना हकीकत सांगितली. वहिनी मेथी निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले, हात धुतले आणि कपाटातून तिच्या आईचा नऊवारी शालू काढून माझ्यासमोर ठेवला.

“याची पाहा. बोहारीण दोनदा मागून गेली. म्हणे स्टीलचा मोठा गंज देते, झाकणासकट.”

शालूच्या टोकाशी काठाचा एक धागा सुटला होता. तो खरवडला; खाली पांढरा रंग. अर्धा धागा पेटवला. केस जळाल्यासारखा वास आला आणि चिमट्यात धातूची बारीक गुंडाळी शिल्लक राहिली. रेशमावर चांदी, हे ठरले.

भाऊ उठून उभा राहिला. “शालूले कात्री लावायची नाही. मी भाला धरतो.”

“धरा नं,” वहिनी म्हणाली. “अन् मंग वर्षभर तोंड पाडून माझ्यासमोर बसा.”

“अवं, तुझ्या मायची आठवण हाय ती.”

“माझ्या मायची हाय म्हणूनच मी सांगून राहिली.”

उपाय तिनेच शोधला. नऊवारी नेसताना तिचे एक टोक कमरेशी आत जाते आणि ते कोणालाही दिसत नाही. त्याच टोकाचा हातभर तुकडा तिने स्वतःच्या हाताने कापला. दोन्ही काठ मिळून पागोट्याच्या शेवटच्या वेढ्याला पुरेल इतकी किनार निघाली, आणि कडेचे धागे उसवून गोंड्याची सोय झाली. शिवण मी हातानेच घातली, कारण यंत्राच्या दाबाखाली जुनी जर चिरडते. टाका जरीतून न घेता तिच्या कडेच्या रेशमातून घ्यावा, हेही दोन धागे तुटल्यावर लक्षात आले.

तयार पागोटे पाहून भावाचा चेहरा उतरला.

“हे काळं काहून दिसून राहिलं वं? याच्यापेक्षा प्लास्टिकवालं बरं होतं.”

हवेतील गंधकामुळे चांदी हळूहळू काळवंडते आणि मुलामा झिजला असेल तिथे तो काळेपणा वर दिसतो, असे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले नसावे.

“चिंच लावून घासू का थोडं? देवाची भांडी तर निघतात.”

“घासा,” वहिनी म्हणाली. “मंग तुमचं टक्कल घासते मी चिंचेनं.”

त्याने घासले नाही. सुभेदारांनी पागोटे हातभर अंतरावर धरले, मग डोळ्यांजवळ आणले आणि किनार उलटवून तिची मागची बाजू पाहिली.

“कुठून आणली?”

“सासूबाईची हाय,” भाऊ म्हणाला.

“पुढे उभे राहा.”

कवायतीच्या दिवशी वहिनी तोच शालू नेसून आली. कापलेले टोक आत खोचलेले होते. भाऊ निशाण घेऊन आमच्यासमोरून गेला, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा काठ आणि तिच्या पदराचा काठ एकाच वेळी दिसले. शेजारच्या बाईंनी वहिनीला विचारले, शालू कुठे घेतला. वहिनी निशाणाकडे पाहत होती.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. खरी जर मला नागपुरात मिळाली, पण बाजारात नव्हे, कपाटात. आणि मी गेले ते एकच दुकान, म्हणून बाजाराविषयी याहून अधिक मी सांगू शकत नाही. तुमच्या घरी जुना शालू असेल, तर आधीच सुटलेला एखादाच धागा घ्या. सुईने खरवडून खालचा रंग पाहा. मग कापडापासून दूर, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून तो पेटवा. वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. धातू उरला, तर खरवडताना दिसलेला रंग आठवा. दुकानदाराच्या शब्दावर किंवा माझ्या या लेखावर विसंबू नका; कृपया स्वतः तपासून पाहा.